एकसष्टाव्या पानावरची फुली

"तुही फुली चुकली, रहमत."

भगवानराव इतक्या सहज बोलले की मला वाटलं तंबाखू मागताहेत. मी फर्म्यावर तांब्याची तार गुंडाळत होतो. अठ्ठावन्न वेढे झाले होते, चौऱ्याऐंशी करायचे होते. एकोणसाठावा झालाच नाही.

"कोणती फुली?"

"थे मंगळाच्या कादंबरीतली. एकशे अठ्ठेचाळीस पानावरची."

"कोण म्हणते?"

"प्रेरणा म्हणते."

प्रेरणा म्हणजे त्यांची सून. लग्नाला वर्ष झालं. नवरा, म्हणजे भगवानरावांचा ऋतिक, लोहाऱ्याच्या एमआयडीसीत कामाला, शनिवारी येतो आणि सोमवारी पहाटे जातो. आणि ही बी.एस्सी. झालेली पोरगी घरात बसून माझ्या फुल्या तपासते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तार सोडून दिली आणि सगळे वेढे पुन्हा मोजायची पाळी आली.

फुली म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल हा म्हातारा कशावर तापला.

घाटंजीत माझं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. पस्तीस वर्षं झाली. शेतकरी जळालेली मोटर घेऊन येतात, मी ती उकलतो, नवी तार भरतो, वार्निश मारून वाळत ठेवतो. वार्निश वाळेपर्यंत हाताला काम नसतं. त्या वेळात मी वाचनालयाची पुस्तकं वाचतो. शिक्षण नववीपर्यंत, तेही जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत. पण वाचायची सवय लागली ती लागली.

बावीस वर्षांपूर्वी भगवानराव पहिल्यांदा मोटर घेऊन आले. दुपारभर थांबावं लागलं. केबलच्या रिकाम्या लाकडी ड्रमवर बसले आणि माझं पुस्तक उचललं. विचारलं, "कशी हाये?" मी म्हणालो, "दोनशे दहा पानापर्यंत झकास हाये. मंग लेखक थकला." त्यांनी पुस्तक मागून नेलं. पुढच्या बाजाराला परत आणलं आणि म्हणाले, "दोनशे दहावर थांबलो. पुढचं वाचलंच नाई. कायले वाचू, तू सांगतलं ना."

तेव्हापासूनचा हा रिवाज. पुस्तक माझ्या कार्डावर यायचं. आधी मी वाचायचो. जिथं कादंबरीचा दम सुटला तिथं समासात पेन्सिलीनं बारीक फुली. बाजाराच्या दिवशी ते पुस्तक भगवानरावांच्या पिशवीत. ते फुलीपर्यंत वाचायचे आणि मिटून टाकायचे. फुली नसली तर शेवटापर्यंत. बावीस वर्षांत त्या माणसानं किती कादंबऱ्या अर्ध्यावर सोडल्या, माझ्या शब्दावर. माझ्या घरात माझ्या शब्दावर कोणी चहासुद्धा उतरवत नाही.

वाचायचो दोनच जातीचं. प्रेमाच्या कादंबऱ्या आणि विज्ञानाच्या. भगवानरावांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "शेतीवाडीच्या नको देऊ, थे घरी चालूच हाये. भाऊबंदकीच्या तं अजिबात नको." मग उरलं काय? प्रेम आणि आकाश.

माझी मतं पक्की आहेत. प्रेमकथेत पन्नास पानांत कोणी जेवलं नाही तर ती खोटी. आजकालच्या तर बघूच नका. दोघंही पगारदार, दोघांचे आईबाप राजी, जातीचा प्रश्न नाही, मग तीनशे पानं भांडतात कशावर? तर म्हणे मेसेज वाचला आणि उत्तर दिलं नाही. अरे, मग फोन कर ना बाप्पा! विज्ञानकथेचं माझं माप वेगळं. तिच्यात यंत्र बिघडलं पाहिजे. न बिघडणारं यंत्र मी पस्तीस वर्षांत पाहिलं नाही. नव्या पोरांच्या कादंबऱ्यांत यंत्रं बोलतात, रडतात, कविता करतात, पण एकाचंही बेअरिंग जात नाही.

ती मंगळाची कादंबरी मात्र बरी होती. वसाहतीतलं पाणी आटतं, माणसं बोअर मारतात. मी रंगून वाचत होतो. एकशे अठ्ठेचाळीसाव्या पानावर ते साडेतीनशे मीटर खाली पाच एचपीची मोटर सोडतात. पाच एचपी! साडेतीनशेवर! आमच्या तालुक्यातलं शेंबडं पोरगंही हसेल. मी जागच्या जागी फुली मारली.

"चुकली म्हणजे काय चुकली?" मी विचारलं.

भगवानरावांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. "तिनं लिहून देलं. तूच वाच, माहा चष्मा घरी राह्यला."

अक्षर सुबक होतं. 'रहमतकाका, मंगळावर सगळ्याचं वजन आपल्या तिसऱ्या हिश्शाहून जरासंच जास्त भरतं. पाण्याचंसुद्धा. म्हणून तिथले साडेतीनशे मीटर आपल्याकडच्या एकशे तेहतीस मीटरसारखे. तेवढ्याला पाच एचपी चालते ना? चूकभूल माफ असावी. प्रेरणा.'

चालते. मीच पारवा गावाच्या रस्त्यावर एका बोअरमध्ये एकशे तीस मीटरवर पाच एचपी सोडली आहे, आजही पाणी फेकते. म्हणजे माझ्याच धंद्यातली गोष्ट, आणि एका पोरीनं मला ती शिकवली. वर 'चूकभूल माफ असावी'. ते जास्त झोंबलं.

"लेखकानं अंदाजे ठोकलं असन," मी म्हणालो. "त्याले कुठं हे माहीत."

"नाई ना. प्रेरणा म्हणते का चार पानं पुढं गेलं तं थो स्वतःच सांगते. एकशे बावन्नावर." भगवानराव हसले. "चार पानं थांबला असता तं, राजा."

मी हसलो नाही. ड्रमवर बसून हा माणूस बावीस वर्षं 'रहमत म्हणते' असं सांगत आला होता. सलूनात, बसस्टँडवर, सोयरिकीत. आता त्याच तोंडातून 'प्रेरणा म्हणते'. त्या दिवशी मी मोजलं. अर्ध्या तासात अकरा वेळा.

"प्रेरणा म्हणते का आजकालच्या पोरापोरींचं भांडण मेसेजचं नसते. कोणी आपलं आयकत नाई, हे दुखणं असते. थे म्हणते रहमतकाकाले थे समजलं नसन."

"हाव, समजलं नसन," मी म्हणालो. "आमी अडाणी मानसं."

घरी आलो तो गप्प. भाकर मोडली तीही गप्प. माझी बायको रौशन माझ्या तोंडाकडे बघत राहिली. तिला सगळं सांगितलं तेव्हा पदर तोंडाला लावून हसली.

"अजी, सौतन आई है तुमपे."

"काहीतरी बोलू नको."

"मैं क्या बोलूँ! पोरगी सासऱ्याले दोन गोष्टी सांगते, इसमें तुम्हारा क्या जलता है?"

काय जळतं ते तिला कसं सांगणार? मला मुलं तीन, नातवंडं पाच, दुकान चाललेलं, अल्लाच्या मेहरबानीनं काही कमी नाही. पण मी जे वाचलं त्याचा उपयोग जगात एकाच माणसाला होता. तो माणूस ड्रमवर येऊन बसायचा आणि विचारायचा, 'कशी हाये?' तेवढ्यासाठी मी आठवडाभर वाचायचो. तेच कोणी उचलून नेलं तर माझ्याकडे काय राहतं? नुसती तार.

दोन दिवसांनी वाचनालयात गेलो. तिथले लालसिंग माझ्या वयाचे, कपाटांच्या किल्ल्या त्यांच्याकडे असतात. माझ्या पेन्सिलीकडे ते काणाडोळा करतात. त्यांनी टेबलावर एक कोरं करकरीत पुस्तक ठेवलं.

"रहमतभाई, ही आली. भगवानरावच्या सुनेनं मागणीच्या वहीत लिहिली होती."

मागणीच्या वहीत बावीस वर्षं फक्त माझं अक्षर होतं. मी वही ओढून बघितली. माझ्या ओळीखाली तिचं ते सुबक अक्षर.

"तिलेच द्या मंग," मी म्हणालो.

"थेच म्हणाली, पह्यले रहमतकाकाले द्या. त्याईची फुली पडू द्या, मंग मामाजी वाचतीन." लालसिंगांनी डोळे मिचकावले. "तुमचं गिऱ्हाईक फुटलं का काय, रहमतभाई?"

यात तिनं माझा मान ठेवला होता. आज कळतं. त्या दिवशी मला वाटलं, पोरगी माझी परीक्षा घेते आहे.

दुकानात येऊन पुस्तक उघडलं. प्रेम आणि विज्ञान एकाच ताटात. पुढचा काळ. एका बाईचा नवरा वारलेला, आणि तिनं त्याचा आवाज घरातल्या यंत्रात भरून ठेवलेला. तो आवाज तिला उठवतो, औषधाची आठवण देतो, भाजीत मीठ किती ते सांगतो. शेजारी एक माणूस राहायला येतो. बारा पानं वाचली. बाराव्या पानावर ती बाई वरणाला फोडणी देत होती. म्हणजे जेवणही होतं. कादंबरी चांगली होती, आणि म्हणूनच मला पुढं वाचवेना. प्रत्येक ओळ वाचताना वाटायचं, ही ओळ तिनं निवडली आहे.

मग मी ते केलं. कानावरची पेन्सिल काढली, डोळे मिटले, पुस्तक मध्येच कुठंतरी उघडलं. एकसष्टावं पान निघालं. समासात नाही, रागानं थेट ओळीवर फुली ओढली. नेहमीपेक्षा दुप्पट मोठी आणि दाबून.

बाजाराच्या दिवशी भगवानराव आले. मी पुस्तक त्यांच्या हातात दिलं.

"पुरी वाचली?" त्यांनी विचारलं.

"वाचली."

"कशी हाये?"

"एकसष्टपर्यंत ठीक हाये. मंग काही दम नाई."

"प्रेरणाले तं लय आशा होती."

"मी काय करू त्याले?"

त्यांनी पुस्तक पिशवीत टाकलं. थोडा वेळ बसले. समोरच्या भिंतीवर घड्याळ आहे, ताटाएवढं. तरी मला विचारलं, "किती वाजले रे?" मला वाटलं घरी जायची घाई झाली. सून वाट बघत असेल, आणखी काही म्हणत असेल. मी सांगितलं, "पाहा ना समोर." ते उठले. काठी टेकत बाजारातून निघून गेले. काठी नवी होती. मी तीही बघून सोडून दिली.

पुढच्या बाजाराला ड्रम रिकामा राहिला.

त्याच्या पुढच्याही. गहू भिजवायचे दिवस, मोटरा धडाधड जळत होत्या, दुकानासमोर रांग लागली होती. पण माझं लक्ष रस्त्याकडे. लालसिंगांनी सांगितलं, भगवानरावांची सून स्कूटीवर येऊन गेली, दोन पुस्तकं बदलून नेली. म्हणजे आता माझ्या कार्डाचीही गरज उरली नव्हती. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं माझं झालं. मला खात्री झाली की तिनं फुली ओलांडली, पुढं वाचलं, रहमतकाका खोटा आहे हे सासऱ्याला पटवलं, आणि म्हणून ते येत नाहीत. माझं पाप मला दिसत नव्हतं. तिचंच दिसत होतं.

त्या दुसऱ्या रिकाम्या बाजारानंतर तिसऱ्या दिवशी राहवलं नाही. पान्हे पिशवीत टाकले आणि स्कूटर काढली. म्हटलं, त्यांच्या विहिरीवरची मोटर बघायला आलो असं सांगू.

त्यांच्या घराचं दार उघडंच होतं. अंगणात कापसाची गंजी, तिच्याआड खाट. मी आवाज देणार तेवढ्यात तिचा आवाज आला. ती वाचत होती. मोठ्यानं, ठासून, एकेक वाक्य सुटं करून. मी दाराशीच थांबलो.

"...'आणि तिनं यंत्राचा आवाज हळू केला. भिंतीपलीकडे शेजाऱ्याच्या चपला वाजल्या.'" ती थांबली. "मामाजी, फुली आली."

"आली? मंग ठेव."

"मामाजी, गोष्ट तं आत्ता कुठं सुरू होऊन राह्यली."

"रहमतनं मारली ना फुली? मंग ठेव म्हणतो."

"मंगळाच्या बारीले चुकली होती."

"चुकली तं म्या त्याच्या तोंडावर सांगतलं. एकडाव चुकली म्हणून का बावीस सालाचा मानूस सोडून देऊ? तुले वाचाची तं तू वाच अंदर जाऊन. मले सांगू नको."

मी गंजीआडून बघितलं. भगवानराव खाटेवर उताणे पडले होते. डोळ्यांवर मोठा काळा चष्मा, एका डोळ्याच्या कडेला कापूस. ती खाटेशेजारी पाटावर बसलेली. एवढीशी पोरगी, केसांना तेल लावलेलं, मांडीवर पुस्तक.

चष्मा घरी राहिला. किती वाजले रे. नवी काठी. सगळं एकदम डोक्यात आलं. वर्षभर तीच त्यांना वाचून दाखवत होती. माझ्या फुल्या तिच्या डोळ्यांनी दिसत होत्या आणि तिच्या तोंडानं थांबत होत्या. आणि मी तिच्यावर जळत होतो. शरम वाटली. खरं सांगतो, उलट्या पावली निघून जावं असंही वाटलं. पण कुत्रं भुंकलं.

"कोण हाये?" भगवानराव म्हणाले.

"मी."

"रहमत! ये, ये. पाह्य, मोतीबिंदू काढला यवतमाळले. तुले सांगनार होतो, पन म्हटलं तू हसशीन. वाचता येत नाई अन पुस्तकं नेते, म्हणशीन." ते उठून बसले. "तुहीच कादंबरी चालू होती. फुली आली आत्ताच."

प्रेरणा उठली. "या ना काका. चहा ठेवते."

"चहा राहू दे, पोरी. पुस्तक दे इकडं."

तिनं दिलं. मी एकसष्टावं पान काढलं. ती भली मोठी फुली माझ्याकडे बघत होती.

"खोडरबर हाये का घरात?"

"पाह्यते," म्हणून ती आत गेली. डबे उघडल्याचे आवाज येत राहिले. मला धीर निघेना. माझ्या खिशात पॉलिश पेपरचा तुकडा कायम असतो, तारेवरचं इनॅमल खरवडायला. तोच काढला आणि फुलीवर घासू लागलो.

"काय करून राह्यला रे?" भगवानरावांनी कान दिला. "कायचा आवाज हाये?"

"फुली खोडून राह्यलो."

"काहून?"

"खोटी हाये. म्या ही कादंबरी वाचलीच नाई. बारा पानं वाचली. मंग डोळे मिटून उघडली, अन जिथं उघडली तिथं मारली."

"काहून पन?"

ती आतून येऊन दारात उभी होती. हातात खोडरबर नव्हता. मी तिच्याकडे न बघता म्हणालो, "तुमच्या सुनेचा हेवा वाटला मले. तुमी येता-जाता तिचंच नाव घेत होते. माह्या पोटात दुखलं. म्हटलं, पाहू आता कोणाचं आयकता."

मी घासतच होतो. हात कामाच्या सवयीनं चालला, तांब्याची तार असल्यासारखा. आणि कागद फाटला. फुली गेली, तिच्याखालचे दोन शब्दही गेले. पानाला हरभऱ्याएवढं भोक पडलं.

"रहमत," भगवानराव म्हणाले, "बावीस सालात अशा आखीन किती मारल्या?"

"एकबी नाई. अल्लाकसम, एकबी नाई."

"हं," ते म्हणाले.

बस, एवढंच. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. मी पुस्तक पाटावर ठेवलं, मोटर न बघताच परत आलो. रौशननं विचारलं, "मिले?" मी म्हणालो, "मिले." तिनं माझं तोंड बघितलं आणि त्या दिवशी सौतनीचं नाव काढलं नाही.

मग बरेच बाजार गेले. मी वाचायचं बंद केलं. वार्निश वाळेपर्यंत नुसता बसायचो. पेन्सिल तेवढी कानावर राहिली, सवयीनं. एक दिवस लालसिंग स्वतः दुकानात आले आणि ड्रमवर न बसता उभ्यानंच म्हणाले, "रहमतभाई, भगवानरावची सून जुनी पुस्तकं काढून नेऊन राह्यली. दोन दोन, तीन तीन. कपाटापुढं बसते, एकेक चाळते, अन जिच्यात तुमची फुली हाये तेवढीच नेते."

"कायले?"

"म्या इचारलं. म्हणे, फुलीच्या पुढचं वाचून दाखवाचं हाये मामाजीले."

मला काय झालं ते माझं मला माहीत. तपासणी चालू होती. बावीस वर्षांची. आणि तपासणारी कोण, तर तीच. ती वाचणार, ती सांगणार की रहमतकाका इथंही चुकला, तिथंही चुकला. त्या रात्री शरमेच्या वर पुन्हा जळफळाट चढला. दोन्ही एका पोटात मावत नाहीत, पण मावली.

तूर सोंगून झाली, बाजारात हिरवा हरभरा आला, आणि एका बाजारी भगवानराव आले. काठीशिवाय. साधा चष्मा लावलेला. स्कूटी रस्त्यापलीकडे उभी राहिली, प्रेरणा तिच्यावरच बसून राहिली, पिशवी मांडीवर घेऊन. भगवानराव सरळ येऊन ड्रमवर बसले. आधी भिंतीवरचं घड्याळ बघितलं.

"पावणेबारा," ते म्हणाले.

मी हातातलं काम खाली ठेवलं. "किती चुकल्या?"

"चवदा आयकल्या. फुलीपासून शेवटापर्यंत."

"मंग? किती चुकल्या?"

"बेक्कार, राजा!" भगवानरावांनी कपाळावर हात मारला. "चवदाच्या चवदा बेक्कार. एकीत तं सत्तर पानं दोघं विमानतळावर बसून राह्यले, ना उडत ना घरी जात. एकीत थो शास्त्रज्ञ शेवटी उठला, म्हणे सपन पडलं होतं. अबे, मंग आमाले कायले जागवलं? तुह्या पायी म्या चवदा खराब शेवट आयकले."

मी कानावरची पेन्सिल काढली आणि परत कानावर ठेवली.

"एक प्रेरणाले आवडली," ते पुढं म्हणाले. "त्या म्हाताऱ्याम्हातारीची. मले नाई आवडली. म्या सांगतलं तिले, रहमतची फुली बरोबर हाये."

आता खोटं कशाला बोलू. हे ऐकून माझा जीव भांड्यात पडला. एवढं सगळं होऊनही, ती हरली आणि मी जिंकलो याचा मला आनंद झाला. माणसाची जात अशीच आहे.

"अन थे?" मी विचारलं. "भोकाची?"

"थे नाई आयकली."

"काहून?"

"तू वाचली का?"

"नाई."

"मंग? तू वाचल्याबिगर मी कशी आयकू?" त्यांनी रस्त्याकडे वळून हाक मारली. "प्रेरणा! आन व थे पुस्तक."

ती आली. पुस्तक माझ्या हातात दिलं आणि दाराशी उभी राहिली. दुकानात बसायला ड्रम एकच. बावीस वर्षांत दुसरा लागला नव्हता. मी आतल्या खोलीत गेलो, तारांच्या मागून दुसरा रिकामा ड्रम लोटत आणला, फडक्यानं त्याच्यावरची धूळ पुसली. भगवानरावांच्या बाजूला लावला.

"बस, पोरी."

ती बसली. मला बरं वाटलं असं नाही. पण ती बसली.

"वाच आता," भगवानराव म्हणाले. "एकसष्टपासून. मले तेथपर्यंतचं ध्यानात हाये."

"इथं? बाजारात? मोटरा पडल्या हायेत किती."

"पडू दे. वार्निश वाळते तवरोक वाच."

मी चष्मा लावला. बाहेर मिरचीवाल्याच्या भोंग्याचा आवाज चालू होता. एक शेतकरी मोटर खांद्यावर घेऊन आला, आम्हा तिघांकडे बघून पायरीवरच टेकला. मी मोठ्यानं वाचायची सवय नसलेला माणूस, पहिल्या दोन ओळींत तीनदा अडखळलो. भगवानराव डोळे मिटून ऐकत होते. मिटायची आता गरज नव्हती, तरी.

"'आणि तिनं यंत्राचा आवाज हळू केला. भिंतीपलीकडे शेजाऱ्याच्या चपला वाजल्या. तो बराच वेळ...'"

पुढं भोक होतं. भोकातून खालच्या पानावरची छपाई दिसत होती, तिचा काही अर्थ लागत नव्हता. मी थांबलो. बाजूच्या ओळी चाचपल्या. भगवानरावांनी डोळे उघडले.

"काय झालं?"

"शब्द गेले हायेत," मी म्हणालो. "दोन."

प्रेरणा ड्रमवर खाली मान घालून बसली होती. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. तिनं ती ओळ एकदाच वाचली होती, मी खोडायच्या आधी, तिच्या मनातल्या मनात. वर न बघता ती हळूच म्हणाली, "दाराशी उभा."

मी तिच्याकडे बघितलं. मग पुस्तकाकडे.

"'तो बराच वेळ दाराशी उभा,'" मी वाचलं, "'राहून त्या दोघांचं ऐकत होता,'" आणि पान उलटलं.